राबलेले हाड मोडते कसे?



आपल्या या पत्रिकेत खोडव्याची निगा, माती परीक्षण, पाचट कुजविणे, ठिबक यांवर वेळोवेळी चांगले लेख येतात. ऊस पिकविणाऱ्या माणसाच्या निगेवर मात्र क्वचितच काही छापून येते. सबब संपादक मंडळाकडे जागा मागून घेऊन हा विषय मांडीत आहे. विषय हाडांचा आहे आणि व्यायामाचा आहे. एवढे वाचून निम्मे सभासद पान उलटतील हे मी धरूनच चाललो आहे. हायस्कुलात तेहतीस वर्षे कवायत शिकविली, जोडीला तीन एकर ऊस केला, आणि या सगळ्या काळात एकच वाक्य ऐकत आलो. "मास्तर, व्यायाम शहरातल्या लोकांना. आम्ही दिवसभर रानात राबतोय, आम्हांला कसला व्यायाम शिकवताय?"

आमच्या थोरल्या वहिनीही हेच म्हणायच्या. वय वर्षे एकाहत्तर. पावसाळ्यात पहाटे मोरीकडे जाताना नव्या फरशीवर पाय सरकला. झाडावरून नाही की गाडीवरून नाही, उभ्या माणसाच्या उंचीवरून पडल्या आणि डावा खुबा मोडला. आधी कोणी सांगितले म्हणून लेप आणि पट्टा बांधून तीन आठवडे खाटेवर ठेवले. मग एक्स-रे, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी फोटो दाखवून "हाड पार विरळ झालंय" म्हणून सांगितले, तेव्हा दादा त्यांच्यावर जवळजवळ उखडलाच. "अहो, ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासनं रानात राबली. हिचं हाड झिजेलच कसं?"

डॉक्टरांच्या दाराशी रांग होती, त्यांनी उत्तर दिले नाही. पण दादाचा प्रश्न चुकीचा नव्हता. जाणकारांना विचारून आणि वाचून जे हाती आले ते इथे देतो.

पहिली गोष्ट, हाड म्हणजे खुंटी किंवा मेढ नव्हे. ते जिवंत आहे. आपल्या कारखान्यात हंगाम संपला की मिल खोलतात, झिजलेले रोलर उतरवितात, खाचा भरून घेतात, गंजलेल्या नळ्या बदलतात. हाडात हे ओव्हरहॉलिंग बारा महिने चालू असते. पेशींची एक टोळी जुने हाड उकरून काढते, दुसरी टोळी मागोमाग नवे भरत जाते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरसाल असा नवा होतो. उकरणाऱ्या टोळीचे काम भरणाऱ्या टोळीपेक्षा वरचढ झाले की हाड आतून पोकळ होत जाते, आणि त्याचे दुखणे काहीही जाणवत नाही. हीच त्यातली मोठी फसगत. गुडघा दुखतो म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हाड विरळ होते ते मोडल्यावरच कळते.

मग कुठे भरायचे आणि कुठे सोडून द्यायचे हे टोळीला सांगते कोण? हाडाच्या आत बारीक नळ्यांचे जाळे आहे आणि त्या जाळ्यात पेशी बसलेल्या आहेत. हाडावर भार आला की ते केसाएवढे का होईना वाकते, त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि त्या पेशींना खबर लागते की इथे काम पडले आहे, इथे माल लागणार. भार आलाच नाही तर खबर जात नाही. हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलते हे जर्मनीतील युलियस वोल्फ नावाच्या शल्यवैद्याने 1892 सालच्या ग्रंथात मांडले. पुढे 1977 साली धंदेवाईक टेनिस खेळाडूंच्या दोन्ही दंडांचे एक्स-रे तपासले गेले. ज्या हाताने रॅकेट धरतात त्या दंडाच्या हाडाची भिंत पुरुष खेळाडूंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे पस्तीस टक्के जाड निघाली, महिलांत अठ्ठावीस टक्के. माणूस तोच, अन्न तेच, रक्त तेच. फरक फक्त फटक्याचा. उलट बाजू पाहायची तर अंतराळवीर. तिथे शरीराला वजनच नाही, त्यामुळे व्यायाम न करणाऱ्याचे खुब्याचे आणि मणक्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. खाटेला खिळलेल्या माणसाचेही तेच होते, वेग थोडा कमी एवढेच. वहिनींचे ते तीन आठवडे मला अजून टोचतात ते यामुळे.

यातला जो दाखला मला सर्वांत जवळचा वाटला तो 2017 सालचा आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मध्य युरोपात सात हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्या बायकांची हाडे मोजली आणि आजच्या तरुण मुलींच्या हाडांशी ताडून पाहिली. त्या जुन्या शेतकरणींच्या दंडाची हाडे आजच्या साध्या विद्यार्थिनींपेक्षा जवळपास तीस टक्के मजबूत निघाली. एवढेच नव्हे, तर वल्ही मारून रोज घाम गाळणाऱ्या नावाजलेल्या नौकापटू मुलींपेक्षाही अकरा ते सोळा टक्क्यांनी सरस. कारण काय? रान खणणे आणि दगडावर रोज तास न् तास धान्य रगडणे. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर हेच करीत होत्या, फक्त त्यांची हाडे कोणी मोजली नाहीत.

इथे कोणी म्हणेल, मास्तर आता घरात पुन्हा जाते आणा म्हणणार. मुळीच नाही. पहाटे तीनला उठून पायलीभर दळणे ही बाईची सक्तमजुरी होती. गावात गिरणी आली, दारात नळ आला, हे चांगलेच झाले. माझे म्हणणे एवढेच की दंडावरचा तो भार निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, हे आपण कोणीही लक्षात घेतले नाही. पुरुषांचे तरी काय? मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटर, मग ठिबक, आता तर मोटर मोबाईलवरून चालू होते. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. उसाला तोडणी टोळी आपली नाही, भरणीला रोजगार आपला नाही. बांधापर्यंत मोटारसायकल जाते. सकाळी गट ऑफिसला चक्कर, चिटबॉयकडे तोडीची चौकशी, दुपारी चहाची टपरी, संध्याकाळी सोसायटीच्या पायरीवर बैठक. बैठक म्हणजे बसण्याची हो, तालमीतली नव्हे. "आम्ही राबतोय" हे वाक्य आपल्या वडिलांच्या तोंडी खरे होते. आपण ते सात-बारासारखे वारसाहक्काने नावावर करून घेतले आहे.

पण वहिनी तर खरोखर राबल्या होत्या. त्यांचे काय? आता नीट लक्ष द्यावे, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

हाडाला कष्टाचे तास समजत नाहीत. त्याला समजतो तो जोराचा, चटकन येणारा आणि नेहमीपेक्षा वेगळा भार. शिवाय थोड्याशा फटक्यांनंतर त्या आतल्या पेशी सुस्त होतात. मग पुढचे शंभर फटके फुकट. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा जाग्या होतात. जपानमध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, 1997 साली तो प्रसिद्ध झाला. दिवसाला फक्त पाच उड्या मारणाऱ्या उंदरांचीही हाडे न मारणाऱ्यांपेक्षा मजबूत निघाली आणि मोडायला जास्त जोर लागला. पाच उड्या! आता वहिनींचे काम पाहा. खुरपणी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उकिडवे बसून हात चालवायचा. अंग पिळून निघते, कंबर मोडते, पण खुब्यावर आणि मणक्यावर जोराचा भार एकदाही येत नाही. घाम गळाला म्हणजे हाडाचा व्यायाम झाला असे नाही. सायकल आणि पोहणे हे हृदयाला उत्तम, पण हाडाला त्यांचा लाभ फारसा नाही. शर्यतीच्या सायकलपटूंच्या मणक्याची हाडे बऱ्याचदा विरळच सापडतात. नुसते सावकाश चालणेही हाड वाढवायला पुरत नाही, फार तर झीज थोडी थोपविते. चालू नका असे मी म्हणत नाही. चालून भागले असे समजू नका.

त्यात वहिनींनी बंगला झाल्यापासून, म्हणजे पंधरा वर्षे, रानात पाय ठेवला नव्हता. भार बंद झाला की जुने मजबूत हाडही उतरते.

दुसरे कारण वयाचे आणि पाळीचे. हाडांची जमा साधारण पंचविशी-तिशीपर्यंत होते आणि तिचा मोठा हिस्सा तर विशीच्या आतच पडतो. त्यानंतर काढणे सुरू. आपल्या बिलातून कापतात त्या बिनपरतीच्या ठेवीपेक्षा ही ठेव बरी, निदान म्हातारपणी काढता तरी येते. पण भरण्याची मुदत एकदाच. बाईची पाळी थांबली की शरीरातला जो रस उकरणाऱ्या टोळीला आवर घालीत असतो तो आटतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत दहा ते वीस टक्के हाड जाऊ शकते. पुरुषाचे हळूहळू जाते, पण जातेच. सत्तरीतला गडी पडून खुबा मोडला तर त्याची गत बाईपेक्षा वाईट होते.

तिसरे कारण सांगताना लाज वाटते. घरात दोन म्हशी होत्या, दूध डेअरीला जात होते, आणि वहिनी सगळ्यांची जेवणे झाल्यावर कोरा चहा पिऊन झोपत होत्या. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, तिळात तर शंभर ग्रॅमला हजाराच्या वर. हे सगळे आपल्या रानात पिकते किंवा पिकत होते. माल नसेल तर भरणारी टोळी काय मातीने भरणार? मात्र याची दुसरी बाजूही आहे. नुसत्या गोळ्या खाऊन खाटेवर बसले तर माल आला पण कामाची चिठ्ठीच निघाली नाही, अशी गत होते.

आता तोडणी टोळ्यांतील भगिनींविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. भार म्हणाल तर त्यांच्याइतका कोणाच्या डोक्यावर नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे, दिवसातून कितीतरी वेळा. मग त्यांची हाडे लोखंडाची असायला हवीत. तशी ती राहत नाहीत. 2019 साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांपैकी तेरा हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर खाडा पडतो, नवरा-बायको मिळून कोयता एकच, उचल फिटायची असते, आणि ऑपरेशन केलेले बरे असे सांगणारा कोणीतरी भेटतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर पस्तिशीतली बाई त्याच दिवशी पन्नाशीची होते, हाडांच्या हिशेबाने. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे वय पुष्कळदा अलीकडे येते. या भगिनींना व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना हवी विश्रांती, पोटभर अन्न, कोप्यांजवळ पाणी आणि संडास, आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मिळण्याची सोय. त्यांनी तोडलेल्या उसाचे बिल आपल्या खात्यावर जमा होते, म्हणून हे सभासदांच्या पत्रिकेतच लिहायला हवे होते.

आता आपण करायचे काय?

आपल्याकडे याचे शास्त्र नवे नाही. गावोगावी तालीम होती, लाल माती होती, वस्ताद होते. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, याच आपल्या कृष्णाकाठच्या मुलुखातले. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, मल्लखांब यांत हाडाला हवा तो भार अंगच्याच वजनाने मिळतो. आज कित्येक गावांत तालमीला कुलूप आहे, नाहीतर तिथे गणपतीच्या मंडपाचे सामान पडलेले असते. शाळेत तास पी.टी.चा आणि शिकवितात गणित. मी स्वतः त्या खुर्चीत होतो, माझेही तास घेतले गेले आणि मी पुरेसा भांडलो नाही. दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, धावावे, उड्या माराव्यात, लंगडी-खोखो खेळावे. ती ठेव भरण्याची मुदत आहे.

चाळिशी-पन्नाशीच्या सभासदांनी आठवड्यातून तीन दिवस बैठका आणि जोर घालावेत, झेपतील तेवढेच पण जोरकस. शंभर ढिल्या बैठकांपेक्षा बारा पक्क्या बऱ्या. हळूहळू हातात वजन घ्यावे. पाण्याच्या दोन कळश्या, खताची अर्धी गोणी, काहीही चालते. जिना दिसला की चढावा. गुडघा-टाच धड असेल तर सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा उड्या जागच्या जागी माराव्यात.

म्हातारपणी काही उपयोग नाही असे समजू नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये (तो प्रांतही उसाचाच) पाळी गेलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या एकशे एक महिलांवर प्रयोग झाला, 2018 साली तो छापून आला. सरासरी वय पासष्ट. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांना जड वजने उचलायला लावली, सेट पाच-पाच वेळांचा. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्याचे हाड सुमारे तीन टक्क्यांनी वाढले. ज्या घरी हलका व्यायाम करीत होत्या त्यांचे एक टक्क्याहून थोडे अधिक घटले. तीन टक्के म्हणजे थोडेच, असे वाटेल. पण ज्या वयात दरसाल घटच धरायची त्या वयात ही जमा आहे. आणि दुखापत? एकीच्या कमरेत किरकोळ उसण भरली, बस्स.

शिवाय हाड मोडते ते पडल्यावर. मांड्यांत ताकद आणि पायांत तोल असेल तर माणूस पडतच कमी. जगभरच्या शंभरावर चाचण्या एकत्र करून 2019 साली काढलेला निष्कर्ष असा की व्यायामाने वृद्धांचे पडणे जवळपास पाव हिश्श्याने घटते. म्हणून साठीपुढच्या प्रत्येकाने खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून पाहावे. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. जमत नसेल तर तिथूनच सुरुवात करावी; हीच परीक्षा आणि हाच व्यायाम.

एक इशारा मात्र पक्का ध्यानात ठेवावा. ज्यांची उंची तरुणपणापेक्षा दीड इंचाहून अधिक कमी झाली आहे, पाठीला पोक आले आहे, किंवा साध्या पडण्याने मनगट वा खुबा मोडला आहे, त्यांनी कोणाचे बघून जोर मारू नयेत. त्यांचा मणका आधीच खचलेला असू शकतो. अशांनी पुढे वाकण्याचे व्यायाम, सूर्यनमस्कारातले पायाला हात लावणेसुद्धा, टाळावे आणि कंबरेत वाकून जड उचलू नये. आधी हाडांची घनता तपासून घ्यावी, औषध लागत असेल तर घ्यावे. व्यायाम औषधाच्या जोडीला, त्याच्या बदली नव्हे.

वहिनी आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. फिजिओथेरपीच्या मुलीने शिकविल्याप्रमाणे ओट्याला धरून टाचा वर-खाली करतात, वीस वेळा. मी मोजायला बसतो. परवा मध्येच थांबून म्हणाल्या, "भावजी, हे मला पन्नासाव्या वर्षी का नाही सांगितलंत?" मी त्यांच्याच घरात राहून गावच्या पोरांना कवायत शिकवीत होतो. मला उत्तर देता आले नाही.

कारखान्याकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक गट ऑफिसच्या मागे मोकळी जागा आहेच. तिथे चार गुंठ्यांत लाल माती, डबल बार आणि एक जाणता माणूस सकाळ-संध्याकाळ द्यावा, आणि आठवड्यातले तीन दिवस केवळ महिलांसाठी राखावेत. महिला आरोग्य शिबिरात कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटे वाटून फोटो काढण्यापेक्षा प्रत्येकीची उंची मोजून नोंदवावी, पुढच्या वर्षी पुन्हा मोजावी, आणि उठबस शिकवूनच घरी पाठवावे. कारखान्याच्या शिक्षण संस्थेच्या शाळांत पी.टी.चा तास पी.टी.लाच राहील याची जबाबदारी संचालक मंडळाने घ्यावी. आणि तोडणीच्या करारात पाळीच्या दिवसांचा खाडा धरू नये, असे कलम यंदाच घालावे. याचा खर्च काही सभासद विचारतील. साखरेच्या एका पोत्यामागे काय पडतो ते हिशेब खात्याने काढून सांगावे. मला तो फार वाटत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईल. हा विषय आयत्या वेळच्या विषयांत, निम्मी सभा उठून गेल्यावर न घेता छापील विषयपत्रिकेवर घ्यावा, म्हणून तसे लेखी पत्र मी सेक्रेटरी साहेबांकडे दिले आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे. महिला सभासदांपैकी कोणी सही करणार असेल तर गट ऑफिसात निरोप द्यावा, मी कागद घेऊन घरी येतो.